पदराच्या गाठीतली वानगी

मावशीने जन्मात कधी सामानाची यादी केली नाही. लिहिता येत नव्हतं हे खरं, पण येत असतं तरी तिने केली नसती. जी वस्तू आणायची तिचा नमुना ती पदराच्या टोकाला गाठ मारून आणायची. त्याला ती वानगी म्हणे, म्हणून महाडच्या बाजारात ती वानगीमावशी. माझ्या आईची ही धाकटी बहीण आंबेनळी घाटातल्या वाडीतून शनिवारी सकाळच्या एसटीने आमच्याकडे यायची, तेव्हा पदराला सात-आठ गाठी असायच्या. कुणाच्या कुकरच्या रिंगचा तुकडा, कुणाची फुटकी बांगडी, कुणाच्या ब्लाउजची चिंधी, चिमूटभर बियाणं. वाडीतले बाप्ये मुंबईला, त्यामुळे सगळ्यांच्या बाजाराचा मक्ता हिच्याकडे.

"चिठ्ठीत लिवलेलं नाव खोटं बोलतं गो," ती म्हणायची. "वानगी खोटं बोलत नाय."

शनिवारी महाड आणि रविवारी परतताना पोलादपूर, असा तिचा दौरा. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून तिचं शेपूट. कासाराच्या दुकानात काचेवर काच किणकिणायची, काष्ठौषधीच्या दुकानात शिरलं की सुंठ, वेखंड आणि जुन्या पोत्यांचा वास अंगावर यायचा, आणि मावशी घाई म्हणून करायची नाही. ती गाठ सोडायची, दुकानदार वानगी उचलून उजेडात धरायचा, आणि मला वाटायचं, आता हा काहीतरी मंत्र म्हणणार. आजही त्या गल्लीतून जाताना माझे पाय आपोआप हळू पडतात.

एकदा मात्र फजिती झाली. काष्ठौषधीवाल्यापुढे गाठ सोडली तर आत काहीच नाही! घाट उतरताना बाईसाहेबांनी बसल्या बसल्या वानगी चघळून टाकली होती. "अगो बाई, खाल्ली की मी!" दुकानदार म्हातारा मोठा वस्ताद. म्हणाला, "मावशी, आ करा." लांबूनच वास घेतला आणि बाळंतशेपा बांधून दिल्या. वाडीतल्या एकीच्या सुनेच्या बाळंतपणासाठी त्याच हव्या होत्या. ही गोष्ट मावशी पुढे वीस वर्षं स्वतःच सांगायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

रविवारी सकाळी निघण्याआधी ती माझ्या दोन वेण्या घालायची. इतक्या करकचून की भुवया वर ताणल्या जायच्या. माझ्या डोक्यात मागे दोन भोवरे आहेत. त्यांच्यामुळे भांग कधी सरळ पडला नाही. "हालू नको गो. दोन भोवऱ्यांची, दोन नवऱ्यांची!" असं चिडवत ती लाल रिबिनी बांधायची. मला एकच नवरा मिळाला, तेवढाच पुरला.

गेल्या दोनेक वर्षांत ती विसरायला लागली. आधी गावांची नावं गेली, मग माणसांची. तरी वानगीवर तिचं काम चालायचं. गाठ सुटली की हाताला सगळं आठवायचं. मी मात्र आतून घाबरलेली असायचे. ही मलाही विसरली तर? आई गेल्यावर मला 'पोर' म्हणणारी ती एकटीच उरली होती.

मुलगा तिला कायमचं मुंबईला नेणार होता. त्याच्या आधीचा शेवटचा शनिवार-रविवार मी मागून घेतला. महाडची कामं छान झाली. पोलादपूरला सूत-बटणांच्या दुकानात तिने शेवटची गाठ सोडली. आत विटलेल्या लाल रिबिनीचा बोटभर तुकडा.

"ह्याच्या जोडीची द्या. पोरीची शाळा उघडलीय."

"कुठल्या पोरीची, मावशी?" दुकानदाराने विचारलं.

ती गडबडली. नाव आठवेना. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्या बाय संगती आल्यात. त्यांना ठाव असंल."

बावन्न वर्षांची मी, शाळेची मुख्याध्यापिका, त्या दुकानात उभ्या उभ्या रडले. दुकानदार भला माणूस. त्याने मापून दोन रिबिनी कापल्या आणि माझ्या हातात दिल्या.

एसटी स्टँडवर घाटाकडचं धुकं खाली आलं होतं. सगळं मऊ, अर्धवट दिसत होतं. बाकावर बसल्यावर मला काय सुचलं कोण जाणे. मी पिन काढली, केस मोकळे केले आणि तिच्या पायाशी फरशीवर बसले. रिबिनी तिच्या मांडीवर ठेवल्या. तिने त्या चाचपल्या. मग तिची बोटं केसांत शिरली, भांग पाडू लागली आणि मागे येऊन थांबली.

"दोन भोवरे!" ती ओरडली. "अगो, तू तर आमची पोर!"

वेण्या तितक्याच करकचून घातल्या तिने. लोक बघत होते. बघू देत! पिकल्या केसांच्या दोन वेण्या आणि लाल रिबिनी मिरवत मी तिला घेऊन वाडीच्या गाडीत चढले.

घाटात तिचा डोळा लागला. वाडीच्या फाट्याशी गाडीला धक्का बसला तशी ती जागी झाली, माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि आदराने म्हणाली, "बाय, तुमी कुठल्या वो?"

मी नाव सांगितलं नाही. तिच्याकडे पाठ केली आणि दोन्ही भोवरे तिच्या हाताशी येतील अशी मान खाली घातली.