पिवळ्या चिठ्ठीचा झगा

माझ्या आतोबांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही गोष्टीला छान म्हटलं नाही. जेवणाला नाही, गाण्याला नाही, कुणाच्या नवजात बाळाला नाही, आणि ताजमहालाला तर मुळीच नाही. तो बघून आल्यावर कसा वाटला असं सगळ्यांनी विचारलं, तेव्हा त्याचे मिनार किंचित बाहेर कलले आहेत एवढंच त्यांनी सांगितलं. ते मुद्दाम तसे बांधले आहेत असं मी कुठेतरी वाचलं होतं. तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "मुद्दाम असेल. पण नोंद व्हायला हवी."

आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात ते तपासनीस होते. तिथे बनून आलेला प्रत्येक भाग तपासून त्याला चिठ्ठी बांधायची, हे त्यांचं काम. नापास झालेल्याला लाल, पास झालेल्याला हिरवी, आणि ज्याची तपासणी बाकी आहे त्याला पिवळी. निवृत्त झाल्यावर माणसं घड्याळ आणि शाल घेऊन घरी येतात, आतोबा चिठ्ठ्यांची ही सवय घेऊन आले. त्यांच्या आडगाव नाक्याजवळच्या घरात डुगडुगणाऱ्या खुर्चीला लाल चिठ्ठी असे, शिट्टी उशिरा देणाऱ्या कुकरला लाल चिठ्ठी असे, आणि एकदा तर भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरला होती, कारण त्याच्या चौकटी सारख्या नव्हत्या. रिक्षात बसण्याआधी ते तिन्ही टायर बघत. लग्नाच्या मांडवात शिरले की आधी खांबांचे बोल्ट हलवून पाहत, आणि खिशातला पाना काढून दोनचार आवळूनच अक्षता हातात घेत. माझा सायखेड्याचा चुलतभाऊ दर वर्षी त्यांना द्राक्षांची पेटी आणून देई. एका वर्षी आतोबांनी पेटी उघडून व्हर्नियर कॅलिपर काढला आणि मणी मोजायला सुरुवात केली. भाऊ बराच वेळ उभा राहून बघत होता. शेवटी तो आत्याला म्हणाला, "आत्या, परदेशात माल जातो, तिथंबी एवढं कोणी बघत नाय. यांना म्हणावं, एखादा तोंडात टाकून तर बघा." आतोबांनी एक मणी तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाले, "चालेल." भाऊ बिचारा खूश होऊन गेला. चालेल हा त्यांच्याकडचा सर्वांत मोठा मान होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्याच्या वाट्यालाही याहून जास्त आलं नव्हतं. तिला बघून घरी परतल्यावर त्यांच्या आईने मुलगी कशी वाटली म्हणून विचारलं, तर "त्रुटी आढळली नाही" असं उत्तर मिळालं म्हणतात. आत्या ही गोष्ट चाळीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती आणि दर वेळी पुढे जोडायची, "आढळली नाही म्हणाले बरं का. नाहीच, असं नाही म्हणाले. म्हणजे अजून शोध चालू आहे." आतोबा तिथेच वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. ते मान वर करत नसत, पण पान उलटता उलटता थांबत.

आत्या कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. खिडकीशी तिचं पायाचं मशीन होतं, आणि घरातली एकूण एक वस्तू तपासणारे आतोबा त्या मशीनकडे मात्र कधी फिरकत नसत. ती गेल्यावर महिनाभर मशीनवर चादर होती. एका रविवारी मी डबा घेऊन गेले, तर चादर काढलेली, चाकाला तेल दिलेलं, आणि आतोबा मशीनवर बसून उशीच्या अभ्र्याला टीप घालत होते. यंत्र बंद ठेवलं की खराब होतं, एवढंच कारण त्यांनी सांगितलं. मशीनच्या हातचाकाला एक हिरवी चिठ्ठी बांधलेली होती. त्या घरात मी पाहिलेली ती एकुलती एक हिरवी चिठ्ठी. आत्या होती तेव्हा ती तिथे नव्हती.

आता त्या कापडाबद्दल सांगायला हवं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि कपड्यांच्या बाबतीत आयुष्यभर भित्री राहिले आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये दहीपुलाजवळच्या एका दुकानाबाहेर मला फिकट निळं, पांढऱ्या बारीक फुलांचं कापड टांगलेलं दिसलं. त्याच्या वरच्या वीतभर भागात इलॅस्टिकच्या दोऱ्याने ओळीओळीने चुण्या आधीच घालून आलेल्या होत्या, आणि खाली कापड मोकळं सुटलेलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, छातीच्या मापाच्या पाऊणपट घ्यायचं, मागे एक शिलाई, खाली दुमड, वर दोन पट्टे. झाला ड्रेस. अर्ध्या तासाचं काम." मी पन्नाशीला आले होते. उघड्या खांद्यांचा कपडा मी शाळेत असतानाही घातला नव्हता. तरी मी, बिघडलं तर हाताशी असावं म्हणून, ते दीड मीटर घेतलं, आणि घरी नेऊन कपाटात लपवण्याऐवजी का कोण जाणे, थेट आतोबांकडे नेलं. त्यांना काहीतरी उद्योग होईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे शिंप्याकडे न्यायची मला लाज वाटत होती.

आतोबांनी ते कापड दोन्ही हातांनी ताणलं, सोडलं, पुन्हा ताणलं. "माणूस बघायच्या आधीच चुण्या घातल्या?" त्यांनी विचारलं. कुणालाही बसेल असं काही असू शकतं, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. माझी अर्ध्या तासाची शिलाई तिथून तीन आठवड्यांवर गेली.

पहिला रविवार मापात गेला. बाईमाणसाचं माप आपण घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी टेप माझ्या हातात दिली, खिडकीकडे तोंड करून बाहेरच्या कडुनिंबाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तीनदा मोज. तिन्ही आकडे सांग." मी मोजलं, आणि बायका सांगतात तसं दोन इंच कमी करून सांगितलं. छत्तीस. पुन्हा छत्तीस. तिसऱ्यांदाही छत्तीस. आतोबा वळले नाहीत. कडुनिंबालाच उद्देशून म्हणाले, "तिन्ही वेळा तंतोतंत तेवढंच? हे माप नाही, हे पाठांतर आहे." मला हसूही आलं आणि कानही गरम झाले. मग मी खरं मोजलं. अडतीस, साडेअडतीस, आणि अडतीसला एक दोरा कमी. "आता कसं," ते म्हणाले. "खरं माप दर वेळी थोडं हलतं. तू श्वास घेणारा माणूस आहेस."

दुसऱ्या रविवारी गेले तर कापड धुऊन वाळवून झालं होतं, आणि त्याचा एक तुकडा पडद्याच्या दांडीला लटकत होता. त्याच्या खालच्या टोकाला साखरेची किलोची पिशवी. किती ताणतं आणि सोडल्यावर किती परत येतं, हे त्यांनी लाल चिठ्ठीवाल्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवलं होतं. इतकी खटपट करून छातीच्या मापाच्या पाऊणपट कापड कापायचं, हा निष्कर्ष निघाला. दुकानदारही हेच म्हणाला होता, असं मी जपूनच सांगितलं. आतोबांनी चष्मा पुसला. "तो बरोबर आहे," ते म्हणाले, "पण का बरोबर आहे, ते त्याला माहीत नाही."

तिसऱ्या रविवारी पट्ट्यांची चाचणी होती. एकेका पट्ट्याला पाच किलो गव्हाचं पीठ टांगून ते घड्याळ लावून बसले होते. माझ्या खांद्यावर पाच किलोचं काय येणार आहे, असं मी विचारलं, तर विमान वादळात सापडेल म्हणून बांधतात, सापडावं म्हणून नाही, असं उत्तर आलं. आणि मग त्यांनी मला एक गोष्ट दाखवली, जी मी अजून विसरले नाही. ते कापड कापलं की चुण्यांचे दोरे कापलेल्या कडेतून मागे सरकतात. एक दोरा निसटला की ती पूर्ण ओळ सैल पडते. शिलाईत ते पकडले जातात, शिंपी तेवढ्यावर भागवतात. आतोबांनी मात्र सतराच्या सतरा ओळींचे दोरे दोन्ही टोकांना सुईने उचकटून एकेकाला हाताने गाठ मारली होती. चौतीस गाठी. त्यांची बोटं तेव्हा थरथरायला लागलेली होती. एकेक गाठ मारायला किती वेळ लागला असेल, हा हिशेब मी तेव्हा केला नाही. मी म्हणाले, "आतोबा, आतून आहे ते, कोण बघणार?" ते म्हणाले, "तुला माहीत असेल ना."

झगा तयार झाला. ते त्याला झगाच म्हणत. इस्त्री करून, कागदात गुंडाळून त्यांनी तो माझ्या हातात ठेवला, आणि त्याच्या डाव्या पट्ट्याला पिवळी चिठ्ठी होती. मला वाटलं होतं, स्वतःच्या कामाला तरी हिरवी बांधतील. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. कपडा टेबलावर पास होत नाही, अंगावर होतो. हात वर करायचे, मांडी घालून बसायचं, दहा पावलं चालायचं, आणि काय खटकतं ते सांगायचं. "पुढच्या रविवारी घालून ये," ते म्हणाले. मशीनवर बसायला लागल्यापासून त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मी घालून गेले नाही. त्या रविवारी मी झगा अंगात घालायला काढला, आरशात न बघताच परत ठेवला आणि नेहमीचा कुडता घालून गेले. वडिलांच्या जागी असलेल्या माणसासमोर उघडे खांदे घेऊन उभं राहायचं, या विचारानेच मला घाम फुटला होता. ऊन फार आहे, धुवायला टाकलाय, दर आठवड्याला मी वेगळं कारण सांगितलं. आतोबा प्रत्येक कारण मन लावून ऐकत. मग एकदा त्यांनी जूनमध्ये फोनच केला.

"घातलास?"

"हो, घातला की."

"हात वर केल्यावर काखेत ओढतो?"

"नाही."

"मांडी घालून बसल्यावर?"

"नाही."

"पट्टे घसरतात?"

"मुळीच नाही. अगदी छान बसलाय, आतोबा."

पलीकडून पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "एकही तक्रार नाही, म्हणजे तू तो घातलेला नाहीस." आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "राहू दे," ते म्हणाले. "पिवळी चिठ्ठी काढू नकोस म्हणजे झालं." आणि मग त्यांनी डब्यातली मागच्या रविवारची भाजी खारट होती, याची नोंद करून फोन ठेवला.

ऑगस्टमध्ये ते गेले. छातीत दुखतंय म्हणून स्वतःच रिक्षा थांबवून दवाखान्यात निघाले. त्या दिवशी टायर न बघताच ते रिक्षात बसले, हे शेजारच्या वहिनींनी मला फोनवर सांगितलं, आणि मी तिकडे पोचण्याआधीच मला सगळं समजलं.

आत्याचं मशीन आता माझ्याकडे आहे. हातचाकाची हिरवी चिठ्ठी तशीच आहे, रंग जरा उडालाय. ती त्यांनी किती उशिरा बांधली, याचा विचार मी पूर्वी करायची तेव्हा मला त्यांची कीव यायची. आता माझ्या मनात कीव उरलेली नाही. निदान त्यांनी बांधली तरी.

यंदाच्या एप्रिलमध्ये एका रविवारी दुपारी, डबा कुणाकडे न्यायचा नसतो त्या वेळी, मी तो झगा घातला. दार लावून घेतलं, तरी पडदा उघडाच ठेवला. हात वर केले, काखेत ओढलं नाही. मांडी घालून बसले, घेर पुरला. सतराच्या सतरा ओळी जागच्या जागी होत्या. मग दहा पावलं चालायला लागले, आणि सहाव्या पावलाला डावा पट्टा खांद्यावरून घसरला. वर केला, पुन्हा घसरला.

मी झगा काढून दोन्ही पट्टे टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. दोन्ही दोराभरही फरक नसलेले, सारखे. मग आरशासमोर उभी राहून मी स्वतःकडे नीट बघितलं. एवढी वर्षं पुस्तकांची पिशवी मी डाव्याच खांद्याला लावत आले आहे. तो खांदा उजव्यापेक्षा खाली उतरला आहे. ते कुठल्याही टेपवर आलं नसतं, साखरेच्या पिशवीने आणि गव्हाच्या पिठानेही सांगितलं नसतं. अंगावर घातल्याशिवाय कळण्यासारखंच नव्हतं. आणि हे त्यांना सांगितलं असतं, तर आतोबा खिडकीकडे तोंड करून किती खूश झाले असते, हे मला अगदी स्पष्ट दिसलं. अख्खी दुपार पुरेल एवढी ती त्रुटी होती. पट्टा उसवावा लागला असता, मला खांदे सरळ ठेवून उभं राहायला सांगितलं असतं, पिशवी आजपासून उजवीकडे, असा हुकूम सुटला असता.

पिवळी चिठ्ठी मी सोडली नाही. त्यावर पेन्सिलीने लिहिलं, डावा पट्टा घसरतो. मग आत्याच्या मशीनच्या खणातली टेप काढली आणि पट्टा किती वर घ्यायला हवा, ते मोजलं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा थोडं वेगळं आलं.