साधनाच्या क्वाडच्या नव्या ग्रिप

साधना खरवंडीकरच्या उजव्या अंगठ्याला थंड-गरम कळत नाही, हे मार्च महिन्यात फक्त तिलाच ठाऊक होतं. नवरा श्रीधर समजत होता की हिचा हात दुखतो, आणि तो दुखतो कामावरच्या क्वाडच्या हँडलवरील जुन्या, दगडासारख्या झालेल्या ग्रिपमुळे. तिनं त्याचा हा समज मोडला नाही.

नेदरलँड्समधल्या वाखनिंगनजवळच्या एका बियाणे कंपनीच्या चाचणी-शेतावर ती आठ वर्षं काम करत होती. काम म्हणजे चार जाड चाकांचा, मोटरसायकलसारख्या हँडलचा क्वाड वाफ्यांमधून चालवायचा आणि मागे जोडलेल्या छोट्या टाकीतून फवारणी करायची. श्रीधर पीएच.डी.ला आला तेव्हा ती बायको म्हणून मागून आली. सहा वर्षं तिनं घर सांभाळलं, डच शिकली, आणि प्रत्येक फॉर्मवर व्यवसायाचा रकाना रिकामा सोडला. मग ही नोकरी लागली. पहिल्या हंगामात मुकादम खेर्बेननं तिला क्वाडवर बसवलं. त्या संध्याकाळी ती जेवताना आमटीची वाटी सरकवून वळण कसं घ्यायचं ते दाखवत होती.

तीन वर्षांपूर्वी बोटांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरनं सांगितलं, मनगटात नस दबली आहे, ऑपरेशन लवकर करा. ऑपरेशन म्हणजे सहा आठवडे क्वाड बंद. तिनं एक हंगाम ढकलला, मग दुसरा. यंदा जानेवारीत ऑपरेशन झालं तेव्हा सर्जन म्हणाली, "दुखणं थांबेल. अंगठ्यातली जाणीव परत येईलच असं नाही. नस फार काळ दाबली गेली होती." घरी येऊन साधनानं यातलं पहिलंच वाक्य सांगितलं.

श्रीधरनं ग्रिपचा विषय मनावर घेतला. शनिवारी दोघं शेतीच्या यंत्रांच्या दुकानात गेले. तो थेट मोटरसायकलच्या ग्रिपकडे वळला. दुकानदारानं त्याला थांबवलं. मोटरसायकलची उजवी ग्रिप पिळायची असते, म्हणून तिचं भोक मोठं. क्वाडचा अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे उजव्या ग्रिपखालची पट्टी, ती अंगठ्यानं दाबायची. तिथे ती ग्रिप सैल बसेल.

साधनानं तीन प्रकार हातात धरून पाहिले. फोमची मऊ होती, पण पावसात पाणी धरणारी. जेलची जाड होती, तिच्या लहान हाताची बोटं पुरी वळेनात. तिसरी बारीक खाचांच्या मऊ रबराची.

"कशी वाटते?" श्रीधरनं विचारलं.

"छान वाटते," ती म्हणाली. डाव्या हाताला खरंच छान वाटत होती.

रविवारी खेर्बेनच्या परवानगीनं श्रीधर शेडमध्ये बसला. जुन्या ग्रिप ब्लेडनं कापल्या. नवी डावी ग्रिप चढेना, तेव्हा त्यानं पिशवीतून बाटली काढली आणि हँडलच्या नळीला खोबरेल चोळलं. ग्रिप सुळकन बसली. साधना चहा घेऊन आली तेव्हा वासावरूनच तिला कळलं.

"अहो, पीएच.डी. बटाट्यावर आणि अक्कल खोबरेलात! ते वाळतं का कधी? दुकानदार स्पिरिट लावा म्हणाला होता ना?"

"अगं, आमच्याकडे सगळ्याला हेच लावतात. बसली की नाही?"

उजवी मात्र त्यानं स्पिरिट लावून बसवली. ती पक्की चिकटली. डावीही गारठ्यात घट्ट राहिली, कारण तेल थिजलं होतं.

मेच्या मध्यात एका दुपारी ऊन तापलं. वाफ्याच्या टोकाला, पाण्याच्या चराजवळ वळताना डावी ग्रिप हातात गरकन फिरली. साधनानं अंगठा उचलला. निदान तिला तसं वाटलं. क्वाड थांबला नाही. तिनं खाली पाहिलं तर अंगठा पट्टीवर तसाच दाबलेला, आणि पुढची चाकं चरात.

तिला लागलं नाही. खेर्बेननं ट्रॅक्टरनं क्वाड ओढून काढला, डावी ग्रिप हुंगली आणि हसला. "नारळ? नवऱ्याला सांग, यापुढे या तेलाचा केकच कर म्हणावं. ही मी बदलतो. उद्या नेहमीसारखी ये."

घरी ऐकून श्रीधर म्हणाला, "मी येतो उद्या. माफी मागतो त्याची. चूक माझीच आहे."

"ग्रिप डावी फिरली," साधना म्हणाली. "अ‍ॅक्सिलरेटर उजवीकडे असतो." मग तिनं सर्जनचं दुसरं वाक्य सांगितलं, आणि तिसरंही.

तो बराच वेळ तिचा अंगठा धरून बसला. त्यानं किती जोरात धरला होता ते तिला कळत नव्हतं.

"खेर्बेनला तेलाचंच कारण पटलंय," शेवटी तो म्हणाला. "दोष राहू दे ना माझ्या डोक्यावर. तुझा क्वाड तरी राहील."

"तिथं माणसं वाकून निंदणी करतात, श्रीधर. या वेळी पुढ्यात चर होता."

ती त्याला नावानं क्वचितच हाक मारायची.

सकाळी तिनं खेर्बेनला सगळं सांगितलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. त्यानं ती लगेच उचलली नाही. इतके दिवस का बोलली नाहीस, असंही विचारलं नाही. म्हणाला, "शेडमध्ये बियाणं निवडायचं काम आहे. बसून करायचं. हाताला त्रास नाही." तो चांगल्या मनानं बोलत होता, म्हणून ती हो म्हणाली.

खिडकीजवळच्या टेबलावर घेवड्याचा ट्रे होता. एकेक दाणा बोटांत फिरवून सुरकुतलेला, चिरलेला बाजूला काढायचा. साधनानं पहिला दाणा उचलला. तो अंगठा आणि तर्जनीमधून निसटला, टेबलावरून घरंगळून खाली पडला. दुसराही पडला. शेजारची बाई मान वर न करता निवडत होती.

साधना खाली वाकली, दोन्ही दाणे शोधून ट्रेमध्ये टाकले. मग उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं सुरुवात केली.