जंगू शिपाई नागपूरच्या सहलीला जातो

जंगू मडावी वर्ध्याच्या एका हायस्कुलात शिपाई होता. घंटा देणे, माठ भरणे आणि हेडमास्तरांची चिठ्ठी ज्याला द्यायची त्यालाच देणे, ही तीन कामे तो अकरा वर्षे करत आला होता आणि तिन्हींत त्याची चूक झाल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते. मूळचा हिंगणीकडचा, जंगलाच्या काठचा. बोलायचा कमी. विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यायचा, त्यामुळे तो फार हुशार आहे की अजिबात नाही, याबद्दल मास्तरांच्या खोलीत दोन मते होती.

१९५२च्या डिसेंबरात भूगोलाच्या प्रभाकरराव सरांनी मॅट्रिकच्या चौदा मुलांची तीन दिवसांची सहल नागपूरला काढली. महाराजबागेत जायचे नाही, असे त्यांनी आधीच सांगून टाकले. पिंजऱ्यातल्या वाघाला काही विचारता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. नागपुरात कुठकुठून लोक येऊन राहिले आहेत, त्यांच्या वस्त्या पाहायच्या, त्यांच्यात बसून जेवायचे, आणि तक्त्यात चार प्रश्नांची उत्तरे लिहून आणायची. मूळ गाव कोणते, केव्हा आलात, का आलात, काय खाता.

शाळा समितीचे सदाशिवराव यांचा श्रावण सहलीत होता. निघायच्या दिवशी त्यांनी जंगूला स्टेशनावर बाजूला घेतले.

"पोरानं बाहेरचं काई खाल्लं नाई पायजे. हे तुह्यावर. आन् हे घे."

हे म्हणजे चिवड्यालाडवांचा पत्र्याचा डबा. गाडी सुटल्यावर सर म्हणाले, "जंगू, पोरं लाजतील. सगळ्यांनी सगळं खाल्लं पाहिजे, हे तुझ्याकडे."

जंगूने दोघांनाही "हो जी" म्हटले होते. बुटीबोरीपर्यंत त्याने विचार केला आणि डब्यावर बसून राहायचे ठरवले.

पहिल्या दिवशी ते सिंधी निर्वासितांच्या वस्तीत गेले. कापडाचे तागे खांद्यावर घेऊन विकणाऱ्या एका माणसाने सगळ्यांना खाटांवर बसवले आणि त्याच्या बायकोने डाळ आणि तळलेले कडक पकवान पुढे ठेवले. श्रावणने जंगूकडे पाहिले. जंगूने समोरच्या कडुनिंबाकडे पाहिले. श्रावणने दोन पकवान खाल्ले. तक्ता भरताना 'का आलात' असे विचारल्यावर त्या माणसाने जवळचा तागा नीट घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "लिखो, घर उधर रह गया." पोरांनी लिहिले. रकाना लहान होता, पण त्यात ते मावले.

दुसऱ्या दिवशी रेल्वेतल्या एका मद्रासी बाबूच्या घरी इडली झाली. हे बाबू का आले, तर बदली झाली म्हणून. जंगूने पाच इडल्या खाल्ल्या. नासलेल्या दुधासारखी लागते पण नासलेली नाही, असे त्याने श्रावणला सांगितले. तीन दिवसांतले खाण्यावरचे त्याचे हे एकच मत.

तिसऱ्या दिवशी सरांना गिरणीमागच्या गल्लीत छत्तीसगडी मजूर पाहायचे होते. गल्ली सापडली, पण मजूर कामावर गेलेले. एका घराच्या ओट्यावर तेवढी एक म्हातारी अंबाडीची पाने खुडत बसली होती. रामबाई तिचे नाव. चौदा मुले, एक कोटवाले सर आणि डबा घेतलेला शिपाई पाहून तिने मान आत वळवली आणि सुनेला काहीतरी सांगितले. सरांना एक शब्द कळला नाही. जंगूला सगळे कळले. रेशनवाले आले आहेत, कोदोचे, म्हणजे त्यांच्या भरड धान्याचे, मडके चुलीमागे सरकव, असे ती म्हणाली होती.

जंगू हसला. मग त्याच भाषेत म्हणाला की रेशनवाले नाहीत, शाळावाले आहेत, मडके राहू दे तिथेच.

म्हातारीच्या हातातली पाने तशीच राहिली. सरांच्या हातातली पेन्सिलही.

"जंगू, ही कोणती भाषा?"

"आमची, सर. गोंडी."

"अकरा वर्षांत कधी बोलला नाहीस."

"कोनासंगं बोलू?"

सरांनी तक्ता पुढे ओढला. आता जंगू दुभाषी झाला. मूळ गाव कोणते? म्हातारीने ओट्यावर हात ठेवला. हेच. केव्हा आलात?

"आले नाई म्हनते, सर."

"अरे, सगळे कुठून तरी आलेले असतात. नीट विचार."

जंगूने नीट विचारले. म्हातारीचे उत्तर लांबले. तो म्हणाला, "तिच्या आजाच्या वक्ताले इथं तळं होतं आन् म्हशी होत्या. मंग गिरनी आली, मंग गल्ली आली. थे इथंच हायेत. शयर आलं म्हनते."

सरांनी 'केव्हा आलात' पुढे रेघ मारली. मग म्हातारीने जंगूकरवी सरांना विचारले, तुम्ही कुठले? सर खरे बोलणारे गृहस्थ होते. आजोबा रत्नागिरीहून कारकुनीसाठी नागपूर प्रांतात आले, असे त्यांनी सांगितले. काय खाता? वरणभात, आमटी, आमटीत आमसूल. आमसूल काय असते? ते समजावताना सरांना घाम आला, कारण गोंडीत त्याला शब्द नव्हता आणि जंगूने ते कधी पाहिले नव्हते. पोरांतल्या एकाने हे सारे वळणदार अक्षरात तक्त्यावर उतरवले. तीन दिवसांत तक्त्यात अठरा कुटुंबे झाली होती; एकोणिसावे म्हणून सर स्वतःच त्यात गेले. त्यांनी ते वाचले आणि खोडले नाही.

नंतर सुनेने मडके बाहेर आणले. कोदोची पेज आणि अंबाडीची भाजी सगळ्यांना मिळाली. श्रावणने तीनदा मागून घेतली. म्हातारीने जंगूला विचारले, तुम्ही किती देवांचे? गोंडांत कुळे देवांच्या संख्येवरून ओळखतात आणि लग्नाचे बोलणे याच प्रश्नाने सुरू होते. जंगूने सांगितले. तिने बोटांवर मोजले आणि तिचा चेहरा खुलला. गिरणीत लागलेला एक नातू तिला उजवायचा होता, आणि जंगूच्या भावाची सखू लग्नाची होती.

वर्ध्याला सदाशिवराव स्टेशनावरच उभे होते.

"पोरानं काई खाल्लं?"

"खाल्लं जी."

"काय?"

जंगूने काही न वगळता सांगितले. इडलीचे नाव आठवेना, म्हणून हाताने आकार दाखवला. सदाशिवरावांनी समितीत तक्रार केली आणि जंगूची महिनाभराची साप्ताहिक सुटी गेली. पुढल्या वर्षी सहल वर्ध्याजवळच्याच पवनारला गेली. प्रभाकरराव सर हेडमास्तरांशी पुष्कळ भांडले, पण उपयोग झाला नाही.

सखूचे लग्न फाल्गुनात झाले. जंगूची बायको धुरपता आधी राजी नव्हती. इतक्या दूर पोरीला बोलायला कोण, असे तिचे म्हणणे. जंगू म्हणाला, "म्हातारी हाय ना. दिवसभर बोलते." ते खरे निघाले. मग वर्षातून दोनदा तो मोहाची फुले धोतराच्या सोग्यात बांधून नागपूरला जाऊ लागला. रजेचा अर्ज सर लिहून देत, आणि तिथे गेला की तो दोन-दोन दिवस बोलत बसे. शाळेतल्या कुणाला सांगितले असते तर पटले नसते.