अकरा बंद गेम आणि एक ग्रेडर

माझे बाबा ग्रेडर होते. आमच्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दिवाळीनंतर सहकारी सोसायटीच्या धान खरेदी केंद्रासमोर ट्रॅक्टरांची रांग लागते. त्या रांगेच्या तोंडाशी एक माणूस पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर धान हातावर घेतो. ओलावा तपासतो, खडे आणि पोचट दाणे बोटाने बाजूला करतो आणि सांगतो, हे घेतो किंवा हे परत न्या. तो ग्रेडर. बाबांनी निवृत्त होईपर्यंत हेच काम केलं.

हंगामात ते घरूनच डबा आणि पाण्याची बाटली नेत. केंद्रावर कोणाचा चहासुद्धा घेत नसत. एका वर्षी त्यांनी माझ्या सख्ख्या काकांचं धान परत पाठवलं. काका सकाळपासून रांगेत उभे होते. बाबा एवढंच बोलले, "दोन दिवस ऊन दाखव, मंग आण." तिसऱ्या दिवशी तेच धान त्यांनी घेतलं, पण काका काही बोलायला तयार नव्हते. संक्रांतीला बाबाच तिळगूळ घेऊन त्यांच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. येताना काका सोबत होते.

निवृत्तीनंतर बाबा आसगावच्या घरी असतात, बांधावर फेरी मारतात, पेपर वाचतात. मी भंडाऱ्याला एका सरकारी कार्यालयात नोकरी करते आणि महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी एसटीने गावी जाते. माझ्या धाकट्या भावाचं पवनीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. या भावामुळे बाबांना पुन्हा एकदा ग्रेडर व्हावं लागलं, आणि तेही धानाचं नव्हे.

झालं असं. भंडाऱ्यातलं एक जुनं कॅसेट-सीडीचं दुकान बंद होत होतं. भावाने तिथला भंगार माल सुट्या भागांसाठी उचलला. त्यात वायरी, रिमोट, चार्जर यांच्याखाली एक खोकं निघालं. खोक्यात अकरा व्हिडिओ गेम होते, परदेशी बनावटीचे, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे. पुठ्ठ्याच्या डब्यांवरचं पातळ प्लास्टिक जसंच्या तसं. एकही फोडलेला नाही. कॉलेजात असताना असले गेम खेळायला तो भंडाऱ्याला तासावर पैसे देऊन बसायचा, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्याने ते घरी आणले, पण फोडायचा त्याचा हात होईना. मग फोटो काढून त्याने इंटरनेटवरच्या एका गटात टाकले, जिथे जुने गेम जमवणारे लोक असतात. तासाभरात पुण्याच्या एका माणसाचा प्रश्न आला, "ग्रेडिंग केलेले आहेत का?"

पुढच्या रविवारी मी गावी होते. भाऊ खोकं घेऊन आला आणि अंगणात बाबांसमोर बसला.

"बाबा, अमेरिकेत कंपन्या आहेत. बंद गेम त्यायच्याकडे पाठवला की ते तपासतात, दहापैकी नंबर देतात आन कडक पारदर्शक डबीत कायमचा बंद करून वापस पाठवतात. मंग त्याची किंमत वाढते."

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. "उघडून पाहतात का?"

"नाही. उघडला तं त्याची किंमतच गेली."

"मंग आत काय आहे हे त्यायले कसं समजते?"

"समजत नाही. ते बाहेरूनच पाहतात. प्लास्टिक कारखान्यातलंच आहे का, डब्याचे कोपरे दबले का, रंग उडाला का."

"आत धान आहे का कोंडा, हे न पाहता नंबर," बाबा म्हणाले. "बरं. तपासायचे पैसे कोण देते?"

"आपणच. मालकाने द्यायचे. गेम महाग असला तं फी बी जास्त."

"मले पगार सोसायटी देत होती," बाबा म्हणाले. "शेतकरी देत असता तं मी कायले कोणाचं धान परत पाठवलं असतं?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मलाही वाटलं, विषय इथेच संपला. पण बाबांनी खोकं स्वतःकडे ओढलं. "तू सगळे पाठवून राहिला का? आधी पाहू तं दे."

त्यांनी घरातून आपलं भिंग आणलं. मग खाटेवर धुतलेलं धोतर अंथरलं आणि त्यावर अकराही गेम ओळीने मांडले. एकेक उचलून ते उन्हाकडे तिरपा धरत. पाठ, बाजू, कोपरे, सगळं पाहून झालं की तो खाली ठेवत आणि दुसरा घेत. कुठलाही गेम काय आहे, त्यात काय खेळतात, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. आई जेवायला हाक मारून गेली. त्यांनी "आलो" म्हटलं आणि आले नाहीत. मी लहानपणी केंद्रावर डबा द्यायला जायचे, तेव्हा रांगेतली माणसं त्यांच्या हाताकडे ज्या तऱ्हेने बघत, तसे आम्ही दोघं भाऊ-बहीण त्या दिवशी बघत बसलो होतो.

शेवटी तीन ढीग झाले. एका ढिगात एकच गेम. दुसऱ्यात सात. तिसऱ्यात तीन.

"हा उत्तम," ते पहिल्याकडे बोट करून म्हणाले. "हे मध्यम. कोणाचा कोपरा दबला, कोणावर उन्हाची झाक आहे. आन ह्या तिघांचं प्लास्टिक मले बराबर वाटत नाही. बाकीच्याची शिवण पाठीवर मधोमध आहे. यायची कडेनं आहे, आन बारीक छिद्रं आहेत. हे कोणीतरी मंग गुंडाळलं."

भावाने तिथेच मोबाइलवर शोधून पाहिलं. जमवणाऱ्यांनी मोठे करून टाकलेले फोटो होते. बाबा म्हणाले ते खरं निघालं. कारखान्यातल्या प्लास्टिकची शिवण पाठीवर असायची, आणि दुकानदार फोडलेला गेम परत गुंडाळायचे तेव्हा ती कडेला यायची. भाऊ तीन वर्षं असल्या गटात होता आणि हे त्याला माहीत नव्हतं. बाबांनी ते अर्ध्या दिवसात पाहिलं होतं.

"आता एकच पाठव," बाबा म्हणाले. "मध्यम ढिगातला."

"उत्तम काहून नाही?"

"नमुना पोत्याच्या मधातून घेतात, वरून नाही. आधी त्यायची नजर कशी आहे ते पाहू."

त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. त्यावर त्या गेमबद्दल त्यांचं मत होतं: उजवा खालचा कोपरा दबला, पाठीवर एक ओरखडा, प्लास्टिक मूळचं, दहात सात ते साडेसात. चिठ्ठी घडी करून आईच्या पैशांच्या डब्यात ठेवली. भावाने मुंबईच्या एका एजंटमार्फत गेम रवाना केला. तो एजंट बऱ्याच लोकांचे गेम गोळा करून एकदम पाठवायचा, म्हणून वेळ लागणार होता.

धानाच्या रोवणीचे दिवस आले आणि गेले. मधल्या काळात एकदा भाऊ दुपारीच गावी आला, जरा अवघडलेला. त्याला कळलं होतं की काही देशांत विकायच्या गेमना कारखान्यातूनच कडेची शिवण असायची. तिसऱ्या ढिगातला एक गेम तशाच देशातला होता. बाबांना हे कसं सांगावं याचा विचार करत तो पवनीहून आला होता. बाबांनी ऐकून घेतलं, तिन्ही गेम मागवले आणि दोन दिवस ठेवून घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच भावाला फोन केला.

"तीन नाही, दोन. त्या एकाची शिवण सरळ आहे, छिद्रंही एका मापाची आहेत. तो मध्यमात धर. मी छिद्रं पाहून थांबलो, पुढे पाह्यलंच नाही. माझी चूक झाली."

भावाने मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात नवल होतं. मला नवल वाटलं नाही. केंद्रावर एखादा शेतकरी नाराज झाला, तर बाबा त्यालाच पोतं निवडायला लावत आणि पुन्हा तपासत. दुसऱ्यांदा वेगळं निघालं की सगळ्यांसमोर तसं सांगत. लोक त्यांना घाबरत असत, तरी त्यांच्याच केंद्रावर धान आणत, ते यामुळे.

धान कापणीला आलं त्या सुमारास गेम परत आला. कडक, काचेसारख्या डबीत बंद, वर छापील चिठ्ठी: साडेसात. सोबतच्या कागदात दबलेल्या कोपऱ्याचा उल्लेख होता. आईने आपल्या डब्यातून बाबांची चिठ्ठी काढली. बाबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि म्हणाले, "तिथला तपासणारा नीट पाहून काम करते. पैसे मालकाचे घेते, पण पाहून करते."

भाऊ मात्र हिरमुसला. एजंट, टपाल, कस्टम सगळं धरलं तर साडेसातच्या गेमला जेवढी जास्त किंमत आली असती, तेवढी जाण्या-येण्यातच खर्च झाली होती. "मंग फायदा काय झाला?" तो मला म्हणाला.

त्याच सुमारास नागपूरच्या एका माणसाने त्या परत गुंडाळलेल्या दोन गेमची मागणी केली. त्याने फक्त समोरून काढलेले फोटो पाहिले होते आणि तो बंद गेमचा भाव द्यायला तयार होता. भावाने मला विचारलं. इथे मला माझ्याबद्दल लिहावं लागतं, कारण मी त्याला म्हटलं, "तुला दुकानातून असेच मिळाले ना? तू काय गुंडाळलेस का? देऊन टाक."

भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, बाबा इचारतील ना."

त्याने पाठीचे फोटो काढले, शिवणीवर लाल गोल केला आणि खाली लिहिलं की हे प्लास्टिक नंतरचं आहे. नागपूरचा माणूस पुन्हा बोलला नाही. गटातल्या एकाने टोमणाही मारला की विकायचं नसेल तर दाखवता कशाला. त्या दिवशी मी ऑफिसात बसून ते वाचलं आणि मला लाज वाटली. त्या माणसाची नाही, माझी.

पण ते फोटो पुण्याच्या माणसानेही पाहिले, ज्याने पहिल्याच दिवशी ग्रेडिंगचं विचारलं होतं. त्याने भावाला फोन केला. मध्यम ढिगातले उरलेले सात गेम त्याला हवे होते, विनाग्रेडिंग. अट एकच, ज्यांनी हे तपासले त्यांचं मत प्रत्येक गेमसोबत लिहून द्यायचं. बाबांनी सात चिठ्ठ्या लिहिल्या. धानाच्या पावतीवर लिहीत तशा, सुवाच्य अक्षरात, प्रत्येक दोष आधी आणि गुण नंतर.

उरला तो उत्तम. त्याचं काय करावं यावर घरात पुष्कळ बोलणं झालं. आई म्हणाली, ठेवून द्या. भावाला आता परत पाठवायची धास्ती वाटत होती. बाबा म्हणाले, "हा पाठव. तो पुण्याचा माणूस आपल्याले ओळखते म्हणून माझी चिठ्ठी चालली. ह्या गेमचा गिऱ्हाईक कुठचा असेल, कोणाले ठाऊक. त्याले माझी चिठ्ठी काय कामाची? अनोळखी दोघांच्या मधात कोणी तरी पाहिजे ना."

इतक्या दिवसांच्या ऊहापोहात मला भावाच्या ‘फायदा काय’ या प्रश्नाचं हेच एक पटण्याजोगं उत्तर मिळालं. असे गेम तपासून घेणं परवडतं का, असं मला आता कोणी विचारलं तर मी सांगेन की अकरापैकी एकाला परवडलं. बाकीच्यांना बाबा पुरेसे होते. पण सगळ्यांच्या घरी बाबा नसतात, हेही मला कळतं.

तो गेम गेला आणि परत आला. त्याला साडेनऊ मिळाले. बाबांनी चिठ्ठीत नऊ लिहिले होते. अर्ध्या नंबराने ते दिवसभर अस्वस्थ होते. आपण कुठला दोष जास्तीचा धरला हे ते त्या डबीतून शोधत राहिले. शेवटी गेम दूरच्या एका गिऱ्हाइकाने घेतला, ज्याला आम्ही कधी पाहणार नाही. त्या पैशांतून भावाने दुकानात नवीन टेबल आणि चांगला दिवा घेतला.

पुण्याच्या माणसाने मागच्या महिन्यात बाबांशी बोलायला फोन केला होता. मी आठवडाभराच्या सुट्टीवर तिथेच होते. त्याने विचारलं, "काका, तुम्ही स्वतः कधी गेम खेळलात का?"

"नाही," बाबा म्हणाले. "ते पोट्टे खेळतात. मले नुसतं पाहता येते."

मग त्या माणसाने सांगितलं की त्याच्याकडे आणखी एक बंद गेम आला आहे आणि त्याला खात्री वाटत नाही; फोटो पाठवू का? बाबांनी सांगितलं की फोटोवरून ते काही सांगणार नाहीत, वस्तू हातात पाहिजे. चार दिवसांनी आसगावच्या पत्त्यावर पार्सल आलं. बाबांनी धोतर अंथरलं आणि मला पडदा सरकवून उजेड करायला सांगितलं.