आडनाव आधी, नाव मागून

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका निरुपयोगी विद्वान गोदावरीच्या दोन्ही काठांवर मिळून दुसरा झाला नसेल. हे मी चिडून म्हणत नाही; चिडून म्हणायचं ते मी नव्वदच्या दशकातच म्हणून संपवलं. भावोजी नाशिकच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत आणि त्यांच्या संस्थेचं सहामाही संशोधनपत्र संपादित करत. संपादित करत म्हणजे काय, तर प्राध्यापकांनी पाठवलेला शोधनिबंध हातात घेत, त्यातला निबंध बाजूला सारत आणि अगदी शेवटी जी संदर्भसूची असते, म्हणजे कुठल्या पुस्तकातून काय घेतलं त्याची यादी, तेवढ्यावर लाल पेन घेऊन तुटून पडत. आधी लेखकाचं आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव, मग कंसात साल, मग पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरांत. सूर्य एखाद्या दिवशी पश्चिमेला उगवला असता तर त्यांनी त्याला समजून घेतलं असतं. नाव आधी आणि आडनाव मागून लिहिणाऱ्याला नाही. हद्द म्हणजे, तिरप्या अक्षरांपुढचं टिंबसुद्धा तिरपं आहे की सरळ, हे आपल्याला दिसतं असा त्यांचा दावा होता. मी एकदा भिंग लावून पाहिलं. टिंब टिंबासारखंच होतं. "तुला नाही दिसायचं," भावोजी म्हणाले, "तू अर्थशास्त्राचा."

हा आजार महाविद्यालयाच्या फाटकाशी थांबला असता तरी चाललं असतं. पण त्यांच्या स्वतःच्या लग्नपत्रिका छापून आल्या, तेव्हा 'चि.'पुढे टिंब होतं आणि 'सौ. कां.'मधलं एक गळालं होतं. नवरदेवाने सगळा गठ्ठा छापखान्यात परत नेला. आमच्या निम्म्या नातेवाइकांच्या हाती पत्रिका पडल्या त्या लग्न लागून गेल्यावर, आणि त्यातले काही अजून ताईशी बोलत नाहीत. पंचवटीच्या बाजारात भाजी घ्यायला त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षाच. मेथी विकणाऱ्या बाईने "आडगावची हाय, ताजी," म्हटलं की हे विचारणार, "कशावरून?" एकदा ती बाई उखडली. "कशावरून म्हंजी? सोता उपटलीया सकाळी. लय शाणे हाय तुम्ही!" भावोजींचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाले, "प्राथमिक साधन आहे. घे दोन जुड्या." घरात ताईने सकाळचीच दुधीची भाजी संध्याकाळी वाढली, की ताटाकडे बघून एवढंच म्हणत, "तत्रैव." संदर्भसूचीत वरच्याच पुस्तकाचा पुन्हा उल्लेख करताना लिहायचा हा शब्द. ताईला पहिली दोन वर्षं वाटत होतं, हे जेवणाआधी काहीतरी मंत्र म्हणतात.

मीही कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो; माझी पाळी आली ती वरच्या वेतनश्रेणीच्या वेळी. त्यासाठी एक शोधनिबंध छापून येणं गरजेचं होतं आणि घरचाच संपादक असताना बाहेर कशाला जायचं, ही माझी अक्कल. पिंपळगाव बसवंतच्या शीतगृहांवर मी निबंध लिहिला. द्राक्षबागाईतदारांशी बोललो, टेम्पोवाल्यांशी बोललो, आणि आपण काहीतरी बरं लिहिलं आहे असं मला आयुष्यात प्रथमच वाटलं. महिनाभराने भावोजींना विचारलं, "निबंध कसा वाटला?"

"यादीत अडकलोय," ते म्हणाले. "हा अण्णा कोण?"

"टेम्पोवाला आहे. मुलाखत घेतली त्याची."

"आडनाव?"

"भावोजी, त्याला सगळे अण्णाच म्हणतात."

"सगळे म्हणत असतील. आपण आडनाव आधी लिहितो."

मी एसटीने पुन्हा पिंपळगावला गेलो. अण्णा टेम्पोखाली आडवा पडून काहीतरी ठोकत होता. आडनाव विचारताच तो बाहेर आला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "मागच्या टायमाला तर गोड बोलून गेला तुम्ही. आरटीओतून हाय का?" त्याची समजूत घालता घालता दुपार गेली आणि तरी त्याने सांगितलेलं आडनाव खरं होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही. भावोजींनी मात्र ते समाधानाने लिहून घेतलं, पुढे स्वल्पविराम दिला आणि मग म्हणाले, "आता मुलाखतीची तारीख."

अशा माणसाचं कुणी वाकडं करील असं वाटलं नव्हतं. वाकडं करण्याएवढं त्यांच्यापाशी होतं काय? पण संस्थेचं सुवर्णमहोत्सवी वर्ष आलं, विशेषांक निघायचा ठरला आणि त्यात पहिला निबंध संस्थेच्या एका बड्या प्राचार्यांचा असणार हेही ठरलं. भावोजींनी रिवाजाप्रमाणे निबंध सोडून यादी उघडली. एका नोंदीत पानं लिहिली होती, १४२ ते १३८. "हा माणूस उलटा वाचतो की काय?" ते ताईला म्हणाले. टंकलेखनाची चूक म्हणून दुसऱ्या कुणी दुरुस्त करून टाकली असती. भावोजींना ती दुरुस्त करण्यासाठी मूळ अंक बघायचा होता. रजा टाकून ते पुण्याला गेले, एका जुन्या ग्रंथालयात बसले आणि तो अंकच काय, त्या नावाचं नियतकालिकच कधी निघालं नव्हतं, असं त्यांना आढळलं. मग त्यांनी पुढची नोंद तपासली, तिच्या पुढची तपासली. आडनावं आधी होती, स्वल्पविराम जागच्या जागी होते, पुस्तकं मात्र निम्मीअधिक जगात नव्हती.

हा निबंध छापणार नाही, असं त्यांनी कळवलं, तेव्हा संस्थेच्या सचिवांनी त्यांना बोलावून घेतलं. मी योगायोगाने बरोबर होतो. बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि दार उघडंच होतं. सचिव गोड माणूस. "अहो सर, कशाला ताणता?" ते म्हणाले. "प्राचार्यांचं वय बघा, मान बघा. आणि शेवटचं पान वाचतं कोण?"

"मी," भावोजी म्हणाले.

त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. स्वर तोच, दुधीच्या भाजीकडे बघून निघायचा तो. प्राचार्यांनी लबाडी केली याचा संताप त्यांना कितपत आला होता, मला शंका आहे. खोट्या नोंदींमध्ये विरामचिन्हं अचूक होती, याने ते जास्त दुखावले होते. पण ते हटले नाहीत, आणि पंधरवड्यात संपादकपद गेलं. विशेषांक थाटात निघाला. प्राचार्यांचा निबंध पहिला, उलट्या पानांसकट. माझाही छापून आला, माझी वेतनश्रेणीही झाली. माझ्या निबंधाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'जागेअभावी संदर्भसूची वगळली आहे.' त्या यादीने मला छळ छळ छळलं होतं. ती गेली म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

पुढे भावोजी निवृत्त झाले. पेपर वाचायचे, खिडकीत बसायचे, भाजीला जायचे ती न बोलता घेऊन यायचे. एके दिवशी ताई माझ्याकडे आली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली आणि निघताना चपला पायात सरकवता सरकवता म्हणाली, "तुझ्याकडे काही लिहिलेलं पडलंय का रे? कसलंही चालेल. फक्त शेवटी ती यादी हवी."

"ताई, तूच म्हणायचीस ना, एकदा त्या याद्या चुलीत घालीन म्हणून?"

"म्हणायचे," ती म्हणाली. "आता आठ-आठ दिवस कुणाची चूक काढत नाहीत रे हे. माझीसुद्धा नाही."

मी तेव्हा काही लिहीत नव्हतो. आता तर संगणकाचं एक बटण दाबलं की संदर्भसूची आपोआप लागते, आडनावं आपोआप पुढे येऊन उभी राहतात. तरीही मी बसलो आणि कांदा साठवायच्या चाळींवर काहीबाही लिहिलं. यादी हाताने केली, जमेल तेवढी वाईट केली. रविवारी कागद नेऊन भावोजींपुढे ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, वरची सगळी पानं उलटून पालथी घातली आणि शेवटचं पान जवळ ओढलं. लाल पेनचं टोपण काढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "फारच घाण केलीयस. वेळ लागेल."

"लागू दे, भावोजी," मी म्हणालो. "मला कुठेच पाठवायचं नाहीये."