जीप मागून का बसली

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. प्रार्थनेहून थेट आपल्या सहकारी सोसायटीत गेलो. सरकीची पोती धामणगाव रेल्वेला न्यायची होती. भरलेला ट्रेलर जोडताच जीप मागून खाली बसली.

ड्रायव्हर शामराव परवाच जठारपेठेतल्या गॅरेजातून गाडी दुरुस्त करून आला होता. माझ्या मनात आलं, यानं स्प्रिंगचे चांगले पाटे विकून जुने घातले.

"शामराव, पाटे बदलले का?" मी हमालांसमोरच विचारलं.

"शक असन तं खाली घुसून पाहा नं, भाऊ. काहून तोंडानं मारून राहिले?"

घुसलो. पाटे तेच होते, गेल्या साली आमच्या लोहारानं घातलेल्या पट्टीसकट.

मग ट्रेलर पाहिला. बैलगाडी मागं उलटू नये म्हणून आपण ओझं पुढं घेतो, तशीच पोती मी पुढं रचायला लावली होती. सगळा भार जीपच्या हुकावर येत होता. बरीचशी पोती मागं, ट्रेलरच्या चाकांवर सरकवली, तशी जीप वर आली.

संध्याकाळी परतल्यावर शामरावनं किल्ली माझ्यापुढं धरली.

"तुमच्यापाशीच ठेवा, भाऊ. उद्या काही गेलं तं पुन्हा मलेच विचारसान."

किल्ली अजून माझ्या खिशात आहे. ती परत देताना काय बोलावं, तुम्हीच सांगा.