चंद्रावरचं तिखट

चंद्राच्या पृष्ठभागासाठी लाल तिखट वापरू नये, असं विज्ञानाच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही.

माझी मुलगी सई पाचवीत. उल्का आदळून चंद्रावर खड्डे कसे पडतात, हे तिला दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रदर्शनात दाखवायचं होतं. परातीत पांढरं पीठ, त्यावर गडद पुडीचा थर आणि वरून गोट्या टाकायच्या. पुस्तकात कोको पावडर सांगितली होती. आमच्या चाकणजवळच्या कुरुळी गावातल्या भाड्याच्या घरात कोको कुठला? लातूरहून आईनं पाठवलेलं वर्षाचं तिखट मात्र डबाभर होतं. (बायको सेकंड शिफ्टला गेली होती. मोठे शोध अशाच वेळी लागतात.)

सईनं गोटी टाकली. इवलासा खड्डा पडला.

"पप्पा, याच्यापेक्षा मोठे खड्डे चाकणच्या रस्त्यावर आहेत!"

कंपनीत क्वालिटी खात्यात असलेल्या माणसाला हे कसं सहन व्हावं? मी खलबत्त्यातला बत्ता घेऊन स्टुलावर चढलो, उल्कांवर छोटंसं भाषण केलं आणि बत्ता सोडला.

खड्डा दिसलाच नाही, कारण परातच दिसेना. डोक्यावर पंखा चालू होता! तिखटाचा ढग जिन्यात शिरला, आणि चारी बाजूंनी कारखाने असलेल्या गावात लोकांना जे वाटायचं तेच वाटलं.

"ग्यास सुटला! पळा!"

वरच्या मजल्यावरचा दिनेश नाइट शिफ्टआधीची झोप मोडून बनियनवरच धावला. डोक्यात मात्र हेल्मेट होतं. घरमालकीण हौसामावशी नाकाला पदर लावून ओरडल्या, "कुठल्या कंपनीचा हाय रं?"

"आमच्याच घरचा आहे, मावशी," मी शिंकत म्हणालो.

मावशींनी हवा हुंगली. "आरं, ह्यो ग्यास न्हाई, तिखट हाय! झणझणीत हाय की. कुठनं आणलं?"

सई रडत होती, आणि ते काही तिखटामुळे नव्हतं. पीठ लाल, परातीला पोचा, उद्या प्रदर्शन.

"मावशी, तुमच्या चुलीतली राख द्याल?" तिनं हुंदके देत विचारलं.

मावशींनी राख चाळून आणली, वर स्वतःची परातही दिली. दिनेशनं आपल्या डब्यातलं पीठ ओतलं आणि तो मला म्हणाला, "राव, तुमी फक्त जिन्यात बसा."

मी बसलो. आत तिघांनी मिळून असा राखाडी, खड्ड्याखड्ड्यांचा चंद्र केला, की मला शिंका विसरून भरून आलं. शिव्या खायची तयारी करून बसलेल्या माणसाला शेजाऱ्यांनी चंद्र द्यावा, हे उपकार मी विसरणार नाही.

प्रदर्शनात बाईंनी विचारलं, "सई, प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली केलास ना?"

"हो बाई," सई म्हणाली. "म्हणून तर पप्पांना बाहेर बसवलं होतं."